गार्डसाहेबांचे चार तास

गार्डसाहेब कुणालाही माफ करत नसत. यात मी तिखटमीठ लावून काही सांगत नाही. दौंडमध्ये त्यांच्या घरापासून स्टेशनकडे जायला पाच मिनिटांचा सरळ रस्ता होता. त्या रस्त्यावर एक पानवाला बसे. गार्डसाहेब इंग्रजी गाणं गुणगुणत चालले असताना त्यानं एकदा ‘‘खोकला झालाय का साहेब?’’ असं विचारलं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, गार्डसाहेब मागच्या गल्लीतून वळसा घालून ड्यूटीवर गेले. मधे पानवाला वारला, गादीवर त्याचा मुलगा बसू लागला. ‘‘आता तरी सरळ जा की,’’ असं मी म्हणालो, तर म्हणाले, ‘‘दुकान त्येच हाय ना?’’

ते मालगाडीचे गार्ड होते. त्यांच्या या स्वभावाचं मूळ तिथंच असावं. ते मला म्हणायचे, ‘‘मालगाडीच्या शेवटच्या डब्यात मानूस एकटा असतो, सुभाष. लूपला, बाजूच्या रुळावर, गाडी टाकली की सहा-सहा तास हलत न्हाई. वाचायला उजेड न्हाई, बोलायला कुनी न्हाई. मग कोन कवा काय बोललं, ह्येच आठवायचं.’’ दर रविवारी ते चर्चमध्ये जात, पहिल्या बाकावर बसत. एकदा फादरांनी त्यांना क्षमेबद्दल चार शब्द ऐकवले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘त्ये तुमचं काम हाय फादर. मी गार्ड.’’

गिटार त्यांना कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं शिकवली. तो ड्रायव्हर नंतर परदेशी गेला, त्याची गिटार आणि इंग्रजी गाणी दौंडमध्ये राहिली. ड्रमवर युनूसभाई. त्यांचा गाद्या-उशांचा पिढीजात धंदा होता. दिवसभर कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी ड्रम बडवायचे. बास गिटारवर कासुर्डीचे आप्पा, वीज मंडळातून निवृत्त झालेले. आणि कीबोर्डवर मी, मूळचा शिरूरचा, सणसवाडीच्या कंपनीत शिफ्ट करणारा. मी तेव्हा पस्तिशीत होतो, बाकी तिघे साठीच्या आसपास. आमचा बँड आहे असं सांगितलं की लोक हमखास विचारत, ‘‘घोडा तुमचा का आमचा?’’ असं विचारणाऱ्यांचीही गार्डसाहेबांनी कायमची नोंद घेतलेली असे.

आम्ही साधारण दोन तास वाजवत असू. ते चार तास कसे झाले, ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिरूरला एका मंडळाच्या गणपतीत आमचा कार्यक्रम होता. मंडळाचे अध्यक्ष एका पतसंस्थेचे चेअरमन होते. त्यांना सगळे चेअरमनच म्हणत. पांढरे कपडे, हातात मोबाइल. त्या वेळी गावात मोबाइल मोजक्यांकडेच होता. स्टेजवर चढायच्या आधीच ते म्हणाले, ‘‘तासाभरात आवरा. वय झालंय तुमचं, पब्लिकला डान्स पायजे.’’ गार्डसाहेबांनी गिटार गळ्यात अडकवली. चाळीस मिनिटं झाली असतील. युनूसभाईंचा एकट्याचा ड्रमचा तुकडा सुरू होता, डोळे मिटलेले, अंगात आल्यासारखे हात चाललेले. इतक्यात स्टेजवरचे दिवे गेले, माइक गेले. युनूसभाईंना कळलंच नाही. ते तसेच वाजवत राहिले, आणि माइकशिवाय तो आवाज पत्र्याचे डबे बडवल्यासारखा येऊ लागला. मेन स्विचपाशी चेअरमन उभे होते. ते ओरडून म्हणाले, ‘‘आजोबांची गोळ्या घ्यायची येळ झाली!’’ सगळं मैदान हसलं. युनूसभाईंनी डोळे उघडले आणि हसणाऱ्या लोकांकडे बघत राहिले.

ते बघणं मी विसरलेलो नाही. माणसाला पुरतं उघडं पाडायला एक बटण पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या टेम्पोत न्हावरा गाव येईपर्यंत गार्डसाहेब गिटार मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, ‘‘आजपासून चार तास.’’

आणि खरंच चार तास. यात्रा असो, वाढदिवस असो, बारशाला बोलावलं तरी चार तास. सुपारी घेतानाच ते अट घालत. ऐकणारे निघून जात, खुर्च्या उचलल्या जात, आचारी भांडी घासायला बसत, तरी आम्ही वाजवतच असू. आप्पांची बोटं सुजत. युनूसभाईंचा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, तासाभरापेक्षा जास्त वाजवू नका. मी आणि आप्पांनी एकदा विषय काढला. ‘‘गार्डसाहेब, सव्वा तास करू. चांगली दहाच गाणी, पण दणक्यात. लोक आणखी मागतील तेव्हाच उठायचं.’’

‘‘म्हंजी त्यो म्हनला त्येच.’’

‘‘तो म्हणाला म्हणून नाही. आपल्याला झेपत नाही म्हणून.’’

‘‘त्याचं बोलनं खरं करायचं आसंल तर दुसरा गिटारवाला बघा.’’ एवढं बोलून ते तार पिळायला लागले. आम्ही युनूसभाईंकडे बघितलं. ते खांदा चोळत म्हणाले, ‘‘वाजवू की. तेवढंच तर येतं.’’

अशी सहा वर्षं गेली. एका सकाळी साउंडवाल्याचा गार्डसाहेबांना फोन आला. शिरूरला एका पुढाऱ्याच्या पन्नाशीचा सत्कार होता, पुण्याहून येणाऱ्या ऑर्केस्ट्राची गाडी बंद पडली होती. वेळ मारून न्यायला कुणीतरी हवं होतं. ‘‘पुढारी कोन?’’ गार्डसाहेबांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी लगेच होकार दिला. आम्हाला त्यांनी एवढंच सांगितलं, ‘‘शिरूरला जायचंय. चांगले कपडे घाला.’’

मैदानावर पोहोचल्यावर फलकावर चेअरमनचा फोटो मी बघितला; युनूसभाई तोवर ड्रम घेऊन मागच्या बाजूनं स्टेजवर गेले होते. आमदारकीच्या तिकिटासाठी चेअरमननं हा थाट मांडला होता. मोठे नेते येणार, सत्कार होणार, भरसभेत तिकिटाचा शब्द मिळणार, असं गावात सगळे बोलत होते. स्वतः चेअरमन स्टेजपाशी आले. आम्हा तिघांकडे नीट बघितलं, आणि आम्हाला अजिबात ओळखलं नाही! ‘‘मास्तर, साहेब येस्तवर पब्लिक धरून ठेवा,’’ म्हणाले. गार्डसाहेबांचे ओठ पांढरे पडले. सहा वर्षं ज्याच्यासाठी चार-चार तास घालवले, त्याच्या लेखी आम्ही कधी नव्हतोच.

‘‘धरतो की,’’ गार्डसाहेब म्हणाले.

तीनला सुरू केलं. गार्डसाहेबांनी त्या दिवशी जसं वाजवलं, तसं मी त्यांना ना आधी ऐकलं, ना नंतर. पहिली पाळी सुटल्यावर सणसवाडीची पोरं मोटरसायकलींवरून आली, युपी-बिहारची, मराठवाड्याची. कुणाला त्या गाण्यांतलं अक्षर कळत नव्हतं, पण मैदान नाचायला लागलं. नेते तास-दीड तास उशिरा आले. चेअरमननं हातानं ‘बास’ अशी खूण केली. गार्डसाहेबांनी तिकडे पाठ केली. नेते पहिल्या रांगेत बसले, मान डोलवू लागले, मग पायानं ठेका धरू लागले. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं काहीतरी त्यांना सापडलं असावं. त्यांनी चिठ्ठी पाठवून एक गाणं मागितलं. गार्डसाहेबांनी त्याला जोडून आणखी तीन वाजवली.

चेअरमन हार हातात घेऊन घामाघूम झाले होते. शेवटी स्टेजवर चढले आणि हात जोडले. ‘‘मास्तर, आवरा आता. साहेबांना पुढं दुसरी सभा हाय.’’

गार्डसाहेब माइकपासून बाजूला झाले. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. ‘‘मेन स्विच मागं हाय, चेअरमन. मागच्या टायमाला तुमीच बंद केला व्हता. जावा, करा बंद.’’

चेअरमननं त्यांच्याकडे बघितलं. मग मैदानाकडे. मग पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या नेत्यांकडे. त्यांना सगळं आठवलं, आणि स्विचला हात लावता येणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. ते तोंड मला अजून दिसतं. खोटं कशाला बोलू, मनाला वाईट वाटलं की मी ते आठवतो आणि मला बरं वाटतं.

नेते घड्याळ बघून उठले, लांबूनच सगळ्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसून गेले. भाषण नाही, हार नाही, शब्द नाही. पुढं तिकीटही दुसऱ्यालाच मिळालं. आम्ही सातला थांबलो. पूर्ण चार तास.

युनूसभाई ड्रममागून उठलेच नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. काठी बोटांतून मला सोडवून घ्यावी लागली. महिनाभर उपचार झाले, पण हात खांद्याच्या वर गेला नाही. पिंजणही बंद झालं, दुकान भावाकडे गेलं.

गार्डसाहेब रोज त्यांच्या घरी जात. युनूसभाई आत बसून राहत, बाहेर येत नसत. एकदा मी बरोबर होतो, तेव्हा ते पडद्याआडून म्हणाले, ‘‘त्यो चेअरमन हाय, ह्ये मला का न्हाई सांगितलंस? मला वाटलं, लोकास्नी आवडतंय म्हनून वाजवतोय. सांगितलं असतंस तर आधीचे दोन तास हात राखून वाजवलं असतं.’’  घरी येऊन गार्डसाहेबांनी गिटारच्या तारा काढून ठेवल्या. फलक बघूनही मीही युनूसभाईंना सांगितलं नव्हतं, तरी गार्डसाहेबांवरचा राग माझ्याही मनात बरेच दिवस होता.

वर्षभरानं ते मुलीकडे नागपूरला कायमचे निघाले. पोहोचवायला मी आणि आप्पा स्टेशनवर गेलो. गाडी लागली, सामान चढलं, आणि जिन्यावरून युनूसभाई उतरताना दिसले. गार्डसाहेब घाईनं डब्यातून खाली आले. ज्या माणसानं साठ-पासष्ट वर्षांत कुणाची माफी मागितली नव्हती, तो दोन्ही हात जोडून उभा राहिला. ‘‘युनूस, माझी चूक...’’

‘‘त्ये ऱ्हाऊ दे,’’ युनूसभाई म्हणाले. ‘‘आधी मला सांग, त्याचं तोंड कसं झालं व्हतं? मी ड्रमच्या मागं, मला काईच दिसलं न्हाई.’’

गार्डसाहेबांनी जोडलेले हात सोडले. मग सांगायला लागले. अगदी पहिल्यापासून; फलक, हार, घाम, चिठ्ठी. शिट्टी झाली तसे ते दारात चढले आणि तिथून सांगत राहिले. गाडी हलली. युनूसभाई डाव्या हातानं दांडी धरून बरोबर चालू लागले, मग त्यांना दांडी सोडावी लागली. आता शब्द ऐकू येत नव्हते. तेव्हा गार्डसाहेबांनी दारातून बाहेर वाकून डोळे विस्फारले, गाल पाडले, तोंडाचा आ केला आणि फलाटाच्या टोकापर्यंत ते तोंड तसंच आमच्याकडे धरून ठेवलं. युनूसभाई पोट धरून हसत होते.