पूजेआधी धुतलेली फरशी

खंडेनवमीच्या दुपारी एक वाजता पिंपरीच्या आमच्या कारखान्यात एका प्रेस ऑपरेटरचा खांदा चिरडला गेला; झेंडूचा वास आला की मला अजून तेच दिसतं. पूजेसाठी तो मशीन आतून पुसत होता, आणि सुपरवायझरने मेन स्विच बंद करू दिला नव्हता, कारण पूजेपर्यंत माल निघायला हवा होता. प्रेस खाली आली, तो गुरासारखा ओरडला, रक्त आमच्या तोंडावर उडालं. टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी जखम बघून मला विचारलं, "खांद्याच्या हाडाचा गोळा कुठाय? तुकडे मिळाले तर जुळवून बघतो." मी धावत परत आलो. फरशी लख्ख धुतलेली, प्रेसला हार, आणि सुपरवायझर नारळ फोडत होता. "हाडं कुठं टाकली?" मी त्याची गचांडी धरली. "आरं, पूजेच्या जागी रक्तमांस ठिवायचं व्हय? गेलं गटारात!" मी त्याला प्रेसवर दोनदा आपटला. डॉक्टरांनी त्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून खांद्यात बसवला, पण त्या माणसाचा हात पुन्हा तोंडापर्यंतही गेला नाही. सुपरवायझर मात्र अजून दरवर्षी तिथंच नारळ फोडतो. भावांनो, यंदा त्याच्या हातचा प्रसाद घेऊ नका. आधी त्याला मेन स्विच बंद करायला लावा.