पानिपतचे जोशी

“मागे जा. हा कोण?”

काकांनी असं म्हटलं की माझ्या हातातला रिमोट घामेजायचा. नोएडातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला हॉलच्या दारात उभं राहून प्रत्येकाला नावानं आत बोलवायचा मान काकांचा. ते दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हापासूनचा. स्मरणिकेसाठी मागच्या वर्षीचे फोटो निवडायचं काम माझं, कारण शेजाऱ्यांना जळवायला घेतलेला भिंतभर टीव्ही माझ्याकडे. म्हणून रविवारी सकाळी काका-काकू हजर. मी पेनड्राइव्ह लावायचा, काकांनी “ठेव” किंवा “काढ” म्हणायचं.

पण काका फोटो निवडतच नव्हते, माणसं तपासत होते. सोफा सोडून पडद्याला नाक लावायचे. “हा कोण? ही कोणाची?” म्हातारा फुकट जेवून गेलेले शोधतोय, असा मला पक्का संशय. तुम्हालाही आला असता. त्यात माझ्याच पोटात पाप. आमच्या ऑफिसातल्या सरदारजी साहेबांना मीच गुपचूप महाप्रसादाला घुसवलं होतं.

आलाच तो फोटो. भगव्या फेट्यांच्या घोळक्यात साहेबांची भगवी पगडी, हातात मोदक. मी घाईनं पुढे गेलो.

“मागे जा. हा कोण?”

“हे... पानिपतचे जोशी.”

साहेबांची दाढी पडद्यावर हातभर दिसत होती. काका बघत राहिले.

“अच्छा, जोशी! ओळखतो ना मी.”

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढच्या फोटोत ताट घेतलेला एक हसरा तरुण.

“हा कोण? ताट बरं भरून घेतलंय!”

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. “अहो, आपला मंदार.”

“अच्छा, मंदार! ओळखतो ना मी.”

पोटच्या मुलाला त्यांनी जोशींइतकंच ओळखलं होतं.

काकू हळूच म्हणाल्या, “पहिल्यापासून लाव रे परत. गणपतीला दारात उभं राहायचंय त्यांना.”

त्या गणपतीत काका दारात, काकू पाठीशी, कुजबुजत नावं पुरवणाऱ्या. साहेब आले आणि काकू अडल्या. काका मात्र उजळले. “या या, जोशी! पानिपतहून कधी निघालात?”

साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हात जोडले. “बस काका, सुबह.”

यंदा दारात कोणी नव्हतं. साहेब बूट काढून उंबऱ्याशीच थांबले.

“चलिए ना, सर.”

“रुक यार. जोशी को अभी किसी ने बुलाया नहीं.”