तीन ठोके

तिने आयुष्यात जितक्या गाड्यांची स्टिअरिंगं धरली, तितकी एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरनेही धरली नसतील. त्यातली एकही गाडी तिच्या हातून वीतभरसुद्धा पुढे गेली नाही. तिला गाडी चालवता येत नाही.

तिचा नवरा गाडीच्या फक्त पुढच्या बाजूचं काम करतो. इंजिन नाही, रंग नाही, वायरिंग नाही. खड्ड्यातून जाताना गाडी पुढून ठक् वाजली, एका बाजूला ओढायला लागली, टायर आतून खाल्ला गेला, की माणसं त्याच्याकडे येतात. शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, एवढाच त्याचा संसार. गॅरेज घराला लागून आहे. स्वयंपाकघराचं दार उघडलं की दोन पायऱ्या, आणि खाली गॅरेज. मधोमध जमिनीत खोदलेला लांबट खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि तो खड्ड्यात उतरणार. गिऱ्हाइकं त्याला वैद्य म्हणतात, कारण तो डोळे मिटून, दोन बोटांनी गाडीची नाडी बघतो.

नाडी बघायची तर वर कुणीतरी स्टिअरिंग हलवावं लागतं. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. ती चहा द्यायला खाली आली, तेव्हा खड्ड्यातून आवाज आला, अगं, जरा वर बसतेस का? ती बसली. तेव्हापासून बसलेलीच आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि स्वतःच हसते.

शेजारी लाकडाची वखार आहे. करवत दिवसभर चालू. खड्ड्यातलं बोलणं वर ऐकू येत नाही, म्हणून ठोके आले. खालून पान्याने गाडीच्या पत्र्यावर एक ठोका पडला की डावीकडे. दोन पडले की उजवीकडे. तीन ठोके म्हणजे थांब, सापडलं. डावीकडे, उजवीकडे करता करता तिने किती बटणं शिवली, किती वर्तमानपत्रं वाचली, लेकीचे किती स्वेटर उसवून पुन्हा विणले, याला गणती नाही. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा आपल्या कामात.

सापडलं की तो लगेच तीन ठोके देत नसे. आधी थोडा थांबायचा. बोटं तिथेच ठेवून मनाशी खात्री करून घ्यायचा. त्या उसंतीत खालून काहीच यायचं नाही, आणि तिला कळायचं, सापडलं. ती सुई कापडात खोचून ठेवायची. मग ठोके.

त्याच्या हातात काहीतरी बिनसलंय, हे तिच्या लक्षात आधी स्वयंपाकघरात आलं. उकळता चहा तिने पेल्यात ओतला आणि तो पेला त्याने तसाच मुठीत धरला. बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड होता. कशाने आला, ते त्याला सांगता येईना. नट हातातून सुटून खड्ड्यात पडायचे. तो म्हणायचा, ग्रीस बघ किती बुळबुळीत देतात हल्ली. सदऱ्याची बटणं लावायला त्याला वेळ लागू लागला. एकदा ती पुढे झाली, तर म्हणाला, मी काय शाळेत चाललोय?

ती मागे सरली.

त्यानंतर लेक आली. तिची पांढरी सेडान, मागच्या सीटवर झोपलेली चिमुरडी. लेकीचं घर डोंगरात, रस्ता सगळा वळणांचा. पोरीला शाळेत सोडायचं, पुढे कामावर जायचं, संध्याकाळी तोच रस्ता परत. दारात चपला काढायच्या आधीच तिने सांगितलं की पुढून आवाज येतोय. तिथला मेकॅनिक म्हणाला होता, रस्तेच तसे आहेत, ताई. रविवारी सकाळी निघायचं होतं.

वैद्य खूश झाले. मेकॅनिकला नावं ठेवून झाली. जावयालाही थोडी ठेवली. मग त्याने गाडी बाहेर काढली, रस्त्यावरून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, लिंक रॉड.

लिंक रॉड बदलले. आवाज होताच.

मग त्याने शॉकअप काढले. जुने अगदीच गेलेले नव्हते, पण डोंगरातला रस्ता आहे, चांगले गॅसचे घालू म्हणाला. वरची माउंटिंगंही नवी घातली. आवाज होताच. मग चाकांना खालून धरून ठेवणारे दोन्ही लोअर आर्म उतरवले आणि त्यात मूळच्यापेक्षा कडक रबरी बुश बसवले. त्यांचे बोल्ट त्याने आधी हलकेच धरले, गाडी चाकांवर खाली घेतली आणि मगच शेवटचे आवळले. चाक हवेत लटकत असताना बुश आवळला तर तो पिळलेलाच राहतो, थोड्या दिवसांत फाटतो. हे त्याने तिला पुन्हा एकदा सांगितलं. आतापर्यंत इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेत विचारलं तरी तिने म्हणून दाखवलं असतं. आज मात्र तिने लक्ष देऊन ऐकलं. त्याचं डोकं जागेवर आहे, एवढं तिला पुरे होतं.

लेक गाडी घेऊन फिरून आली. उतरली, आणि हसत म्हणाली, "बाबा, आधी गाडी सगळीकडून कुरकुरत होती. आता नुसती ठक् म्हणते. म्हणजे बोलणं सुधारलं तिचं."

तो हसला नाही. सुटं सामान गोळा करत राहिला.

बाकीचं सगळं गप्प झाल्यामुळे तो एक आवाज आता स्वच्छ ऐकू येत होता.

शनिवारी दुपारी लेक आणि नात आत झोपल्या होत्या. तो खड्ड्यात उतरला. ती वर बसली. एक ठोका. दोन ठोके. एक. दोन. तिच्या हातात स्टिअरिंग जरासं रिकामं फिरत होतं, मग कुठेतरी अडायचं. ते तिला कळत होतं. खाली त्याला अजून काही मिळालं नव्हतं. एक. दोन. तिने विणकाम मांडीवर ठेवलं. एक. दोन. ती वाट बघत राहिली. ती उसंत आली नाही. ठोके थकल्यासारखे पडू लागले, तरी पडतच राहिले. आणि तिला वाटलं, आपण थांबलो नाही तर हा माणूस रात्रीपर्यंत ठोकत राहील.

ती दार उघडून उतरली आणि खड्ड्याच्या पायऱ्यांवरून खाली गेली. इतक्या वर्षांत ती खाली कधी उतरली नव्हती.

"तू कशाला आलीस? साडी खराब होईल."

"होऊ दे. कुठे धरायचं ते सांगा."

"तुला काय कळणार आहे त्यातलं?"

"नाही कळलं तर जाते वर."

मग त्याने दाखवलं. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा. त्यावर भात्यासारखं घड्याघड्यांचं काळं रबर. त्याच्या आत एक गोळा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, रबरावरूनच चाचपावा लागतो. चिमटीत धर, घट्ट नको. एवढं सांगून तो वर गेला आणि तिच्या जागेवर बसला.

ती चिमटीत धरून उभी राहिली. काहीच झालं नाही. मग तिच्या लक्षात आलं की तो ठोक्याची वाट बघतोय. तिने पाना उचलला आणि एकदा ठोकलं.

रबराच्या आत काहीतरी टक् करून सरकलं. लहान पोराचा हलणारा दात जिभेने ढकलावा, तसं. तिने दोनदा ठोकलं. पुन्हा टक्, उलट बाजूला. शंकेला जागाच नव्हती. हे न कळायला बोटं लाकडाचीच हवीत, असं तिच्या मनात आलं, आणि आलेलं तिला नको झालं.

ती थोडी थांबली. मग तिने तीन ठोके दिले.

वरून तो उतरला नाही. ती पदराला हात पुसत वर आली, तेव्हा तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच समोर बघत बसला होता. करवत चालू होती.

नंतर त्याने स्वतः खाली जाऊन तिथेच चिमटीत धरून पाहिलं. ती वर बसून हलवत होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, हो, आहे. तो तसं म्हणणारच होता.

त्या गोळ्याचा नवा दांडा, म्हणजे रॅक एंड, संध्याकाळी सामानवाल्याने आणून दिला. त्याने बसवला, चाकं सरळ करून घेतली. गाडी मुकाट झाली. रविवारी सकाळी लेकीने डिकीत पिशव्या ठेवल्या, पोरीला पट्टा लावला आणि निघताना बापाचे दोन्ही हात धरले.

"बाबा, तुमच्या बोटांचा विमा काढायला हवा. आमच्या तिकडच्याला जन्मात सापडलं नसतं."

त्याने हात सोडवून घेतले आणि खिशात घातले. म्हणाला, वळणावर हळू जा. ती पलीकडे उभी राहून नातीला टाटा करत होती. खरं काय ते लेकीला सांगावं, असं तिला त्या क्षणी फार वाटलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाटत राहिलं.

मग तिने त्याच्यामागे लागून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. नट उघडायची हवेची गन इतकी वर्षं हातात थरथरत होती, त्यानेच बोटांतल्या नसा गेल्यात म्हणाला. आहे ते जपायचं, गेलेलं बहुतेक परत येणार नाही. हे सांगण्याआधी त्याने तपासणी केली होती. डोळे मिटा म्हणाला, मी टाचणी टोचतो, लागलं की सांगा. ती बाजूच्या खुर्चीवरून बघत होती. टाचणी अजून हवेतच होती, तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "लागलं."

डॉक्टरने टाचणी खाली ठेवली. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

घरी येताना तो डॉक्टरच्या गाडीविषयी बोलत होता. डाव्या चाकाचा टायर आतून खाल्ला गेलाय, बघितलंस? बोलावून घे त्याला एकदा. ती हं हं करत राहिली.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला. जुनं गिऱ्हाईक. त्याचीही सेडान, लेकीच्या गाडीपेक्षा पुष्कळ जुनी. वळताना काहीतरी वाजतं म्हणाला. तिचा नवरा खड्ड्यात उतरला, ती वर बसली. चष्मेवाला दाराला टेकून तिच्याशी गप्पा मारत होता. लोकांना जवळचं दिसेनासं झालं तरी ते कबूल करत नाहीत, मेनूकार्ड लांब धरतात आणि अक्षर बारीक छापलंय म्हणतात, असं काहीतरी सांगत होता.

एक ठोका. दोन ठोके. आणि लगेच तीन.

मध्ये उसंत नव्हती.

तिला ती हवेतली टाचणी दिसली.

तिने स्टिअरिंग सोडलं नाही. डावीकडे घेतलं. उजवीकडे घेतलं. पुन्हा डावीकडे. चष्मेवाल्याला इतक्या वर्षांत ठोके पाठ झाले होते. तो म्हणाला, "वहिनी, तीन पडले की. सापडलं त्यांना."

"व्हायचंय अजून त्यांचं," ती म्हणाली.

ती हलवत राहिली. खालून काही आलं नाही. पान्याचा आवाज नाही, काही नाही. तिला वाटलं, आता तो चिडून वर येईल. यायलाच हवा होता. गिऱ्हाइकासमोर बायकोने असं करावं, हे त्याला कधी चालणारं नव्हतं. तरी तिचे हात थांबेनात. डावीकडे. उजवीकडे. वखारीतली करवत एक ओंडका संपवून थांबली, आणि त्या शांततेत खालून आवाज आला.

"अगं."

तिने हात थांबवले.

"जरा खाली ये."

चष्मेवाला हसला. "आज वैद्यीणबाई बघणार का नाडी?" स्टिअरिंगवर बसायला दुसरं कुणी नव्हतं. तिने त्यालाच बसायला सांगितलं. तो आज्ञाधारकपणे बसला.

ती खाली उतरली. नवरा बाजूला सरकला. तिने ते घड्याघड्यांचं रबर चिमटीत धरलं. वर चष्मेवाला आपल्या मनाने कसंही फिरवत होता, कधी भरभर, कधी थांबून थांबून. रबर थरथरत होतं. दांडा थरथरत होता. मागच्या वेळचा तो दात कुठे नव्हता. की होता, आणि कळत नव्हता? तिने दुसऱ्या बाजूचं रबर धरून पाहिलं. तिथेही सगळंच हलत होतं. दोष दुसरीकडे असेल. बॉल जॉइंट असेल, बुश असेल. ते कुठे धरून बघायचं, तिला माहीत नव्हतं. मागच्या वेळी तिला वाटलं होतं, हे न कळायला बोटं लाकडाचीच हवीत.

तिने मान वळवली. त्याच्या हातात बॅटरी होती, पण उजेड गाडीवर नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"लागतंय?" त्याने हळूच विचारलं.

वरून चष्मेवाला ओरडून विचारत होता, किती वेळ फिरवायचं? करवत पुन्हा सुरू झाली आणि त्याचा आवाज त्यात बुडाला. तिने बोटं तिथेच ठेवली. पाना दोघांच्या मध्ये खड्ड्याच्या काठावर पडला होता. तो कुणीच उचलला नाही.