जोहरच्या दोन रकाती

नमाज कशासाठी पढायची, यावर माझ्या खालूइतकं बोललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. खालू म्हणजे माझ्या खालाचा, मावशीचा नवरा. मी तिच्याकडेच वाढले. हा जहाजावर नोकरीला. वर्षावर्षानं देवगडला आगबोटीतून उतरायचा आणि उतरल्यापासून आम्हाला दीन, म्हणजे धर्म, शिकवायला लागायचा. कपाळावर नमाजाचा काळा घट्टा, तो झाकला जाऊ नये म्हणून टोपी मागे सारलेली. नमाजाआधी वजू करताना, हातपाय-तोंड धुताना, चुळा अशा खळखळून भरायचा की अर्ध्या वाडीला कळावं, साहेब अल्लाहच्या दरबारात निघाले.

खाला चुलीपाशी जुन्या लुगड्याच्या घडीवर पाची वेळा नमाज पढे. हात धुऊन, पदर नीट घेऊन, गपचूप. खालूला ते खपायचं नाही. तुझ्या अंगाला बांगड्याचा वास येतो, तुझे उच्चार चुकतात, असली नमाज वर पोचत नाही, असं तो मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिला सुनवायचा. बांगडे मात्र त्यालाच लागायचे, दोन्ही वेळेला. माझं डोकं फिरायचं. खाला म्हणे, त्याला किताबातलं कळतं, आपल्याला काय कळतंय.

साठ सालानंतरची गोष्ट. तो मोठी ट्रंक आणि नमाजासाठी अंथरायची मखमली जानमाज घेऊन आला आणि खालाला म्हणाला, "आता मी खंय जाऊचंय नाय." त्या एका वाक्यावर ती बाई तरुण झाली. एकटी राहू नकोस, माहेरी ये, असा तिच्या भावाचा निरोप होता. त्याला तिनं त्याच दिवशी नको म्हणून कळवलं.

जोहर, म्हणजे दुपारची नमाज, खालू मशिदीत जमातीबरोबर पढायचा. दुसऱ्याच दिवशी जामसंड्याहून माणसं त्याचा रेडिओ बघायला आली, आणि जगाला वेळेवरून बोलणारे हे गृहस्थ बढाया मारत बसले ते जमात चुकली. मग आम्हा दोघींना हुकूम, माझ्यामागे उभ्या राहा, खरी नमाज कशी असते ती बघा.

जोहरच्या चार रकाती. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि माथा टेकणं यांची एक फेरी. खालूनं दोन झाल्यावरच सलाम फिरवला आणि नमाज संपवली. मला वाटलं, विसरला. पण तो कसला विसरतोय, मसले, म्हणजे धर्माचे नियम, त्याला तोंडपाठ. घरापासून दूर, थोड्या मुक्कामावर असलेल्या प्रवाशाला चारच्या दोन करायची सवलत आहे. मशिदीत गावच्या इमामामागे त्याला चारच पढाव्या लागत, म्हणून ते कुणाला दिसलं नव्हतं. आणि स्वतःच्या घरात पाय ठेवला की ही सवलत संपते, हे वाडीतल्या पोरांनाही ठाऊक.

खाला उठली. राहिलेल्या दोन रकाती तिनं एकटीनं पुऱ्या केल्या, जराही घाई न करता. मीही केल्या, पण माझं लक्ष कुठलं लागायला. सलाम फिरवून ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तुमचा घर खंय आसा?"

तो मसला सांगू लागला. तिनं पुन्हा तेच विचारलं. तेव्हा जानमाजाची घडी घालत तो बोलला, "मुंबैत. थंय बायल आसा माझी. झील पण आसा."

मुंबईत दुसरी बायको, वर मुलगाही. म्हणजे इथे कायमचं राहणं वगैरे सगळं थाप, चार दिवस लाड करून घ्यायला मारलेली. बायकोशी खोटं बोलताना याची जीभ अडखळली नाही, आणि अल्लाहसमोर दोन रकाती जास्त पढायची मात्र भीती वाटली. नमाज माणसाला खरं वागायला लावते, हे त्याचं आवडतं वाक्य. लावते खरी, पण याच्यावर तिची सत्ता त्या मखमलीपुरतीच होती.

खालानं ती घडी त्याच्या हातातून घेतली आणि ट्रंकेवर ठेवली. त्याचं ताट आत चुलीपाशी वाढलं होतं, ते उचलून पडवीत नेलं, पाहुण्याला वाढतात तिथं. बांगड्याचं तिखलं त्यात होतंच. आणि तो निर्लज्ज दोनदा भात मागून जेवला.