बाकीच्यांत मी

माझ्याच पोळीभाजी केंद्रातून मला एकदा घरी पाठवलं होतं, आणि ते अगदी नियमाला धरून होतं. नियम माझाच होता.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमची बिल्डिंग. पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो आणि खाली गाळ्यात केंद्र. रोज साठ-सत्तर डबे जातात, त्यातले निम्मे मोरिवलीच्या कारखान्यांत. माझ्या हाताखाली तीन बायका आहेत. धाकटी जाऊ कुसुम, ती भाज्या आणि आमटी बघते. मोरिवली गावातली चंदा पोळ्या करते. आणि लांब सिंधी वस्तीतल्या कॅम्प पाचहून येणारी पुष्पा, ती डबे भरते, फोन घेते आणि उधारी वसूल करते. (इतकं गोड बोलून पैसे काढून घेणं मला सात जन्मांत जमायचं नाही.)

हाताखाली असं आपलं म्हणायचं. केंद्र चालतं ते कुसुमच्या आमटीवर. हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, कुसुमला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. बोर्डावर नाव तेवढं माझं.

झालं काय, एकदा गाळ्यातला पाइप फुटला आणि घोटाभर पाणी साचलं. मी सकाळीच फोन फिरवले, आज बंद म्हणून. चंदाचा फोन लागला नाही. ती बिचारी मोरिवलीहून चालत आली, कुलूप बघितलं आणि परत चालत गेली. महिनाअखेरीला मी तिघींनाही त्या दिवसाचा पगार दिला. म्हटलं, काय आपलं मोठं मन! चंदा मात्र नोटा हातात धरून तशीच उभी राहिली.

“काकू, मी चालत आले नि चालत गेले. ह्या दोघी घरात निजून होत्या. तरी तिघींना सारखाच?”

मी सुनेला विचारलं. मुग्धा एका कंपनीत लोकांच्या रजा आणि पगार बघते. ती म्हणाली, आई, आमच्याकडे हे सगळं लेखी असतं. अचानक काम बंद ठेवायची वेळ आली तर काही माणसं अत्यावश्यक, त्यांनी यायचं आणि दीडपट पगार घ्यायचा. बाकीच्यांनी घरी बसायचं, पगार पूर्ण मिळतो. उशिरा उघडलं तरी कुणाचा कापायचा नाही. मला हे फार आवडलं. एवढं सोपं असताना मी उगाच मोठं मन करत बसले होते.

आमचे हे कारखान्यातून स्टोअर्स ऑफिसर म्हणून रिटायर झालेत. रिटायर झाल्यापासून त्यांना एक नोटीस लिहायला मिळाली नव्हती. त्यांनी पुठ्ठा आणला, फूटपट्टी घेतली, एकाखाली एक दोन रकाने आखले. मी नावं सांगितली. अत्यावश्यकमध्ये चंदा आणि पुष्पा, बाकीच्यांत कुसुम. माझ्या मनात खरंच माया होती हो! तिचे गुडघे दुखतात, संकटात तिने कशाला धावपळ करायची?

कुसुमने पुठ्ठा वाचला, हात धुतले, पदराला पुसले. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “काही नाही. बाकीच्यांना काय व्हायचंय?”

पुढचे चार दिवस आमटीत काही कमी नव्हतं, पण ती माझ्याशी बोलायची ती पुष्पामार्फत. मी हातभर अंतरावर उभी आणि ती पुष्पाला म्हणणार, यांना विचार, तूर किती भिजवू. पाचव्या दिवशी पुष्पा मला बाजूला घेऊन म्हणाली, “आंटी, भाभी सच में जा रही है. दिवाळीनंतर बदलापूरला, मुलीकडे. तिकडेच डबे चालू करणार. मग आपण काय करायचं, पापड विकायचे?”

मी त्याच संध्याकाळी कुसुमच्या घरी गेले, गुडघ्यांचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहाही दिला.

“वहिनी, पगार घ्या आणि घरी बसा म्हणजे पेन्शनीतच काढलंत की मला.”

आल्या पावली मी तिचं नाव वरच्या रकान्यात घ्यायला सांगितलं. हे म्हणाले, घेतो, पण दुसरा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. रिकामा रकाना दिसला की ऑडिटवाल्यांना संशय येतो. (आमच्या गाळ्यात आजवर मांजर सोडून कुणी ऑडिटला आलेलं नाही.) मग पुष्पाला विचारलं, तू लांबून येतेस, तुझं घालू? ती म्हणाली, सासूला कळलं तर ती म्हणेल, बघ, तुझी तिकडे पण गरज नाही. चंदा म्हणाली, मी गावात तोंड कसं दाखवू? पूर्ण पगारावर घरी बसायला एक बाई तयार होईना!

शेवटी मी मोठ्या थाटात म्हटलं, माझं नाव लिहा. मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, छे छे, असं कसं? कुणी म्हणालं नाही. कुसुम तेवढी म्हणाली, “भावोजी, अक्षर जरा ठळक काढा.”

बदलापूरचं मात्र तिने मिटवलं नाही. दिवाळीपर्यंत बघू, एवढंच म्हणाली. मी एकेक दिवस मोजत होते.

अशात एका सकाळी मोरिवलीकडून उग्र वास आला. कुठल्याशा कारखान्यातून वायू गळला होता. डोळे चुरचुरायला लागले. रिक्षात भोंगा लावून माणूस सांगत गेला, दारंखिडक्या लावून घरात बसा. मी तिघींना फोन केले, घराबाहेर पडू नका. नऊच्या सुमारास तोच भोंगा परत आला, धोका टळला, पण कारखाने दिवसभर बंद. म्हणजे आपले निम्मे डबे रद्द. तासाभराने मी निवांत चहा टाकला. आणि खालून फोडणीचा वास आला.

किल्ली कुसुमकडे असते. खाली गेले तर तिघी तोंडाला फडकी बांधून कामाला लागलेल्या. मी पदर खोचला आणि विचारलं, काय करताय?

कुसुमने मागे वळूनही बघितलं नाही. “वहिनी, तुम्ही बाकीच्यांत. वर जा.”

मी हसले. पुष्पाने झाऱ्याने भिंतीवरचा पुठ्ठा दाखवला.

“अगं, मी मालकीण आहे!”

“काकू, तसं लिवलंय कुठं?” चंदा म्हणाली.

मी मदतीसाठी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्या मागोमाग उतरले होते. त्यांनी चष्मा लावून आपलंच अक्षर वाचलं आणि म्हणाले, त्यांचं बरोबर आहे. मी वर आले.

सकाळभर आजूबाजूला कुणाची गॅस पेटवायची हिंमत झाली नव्हती, त्यामुळे बिल्डिंगा-बिल्डिंगांतून फोन सुरू झाले. कुसुमने ठरलेली भाजी रद्द करून पिठलं-भात लावला. दीडशे डबे गेले! मी तीनदा जिन्यात गेले. एकदा मिठाची आठवण करायला, एकदा मोठं पातेलं कुठं आहे ते सांगायला, आणि एकदा नुसतीच खोकायला. तिन्ही वेळा परत पाठवलं. पातेलं त्यांना आधीच सापडलं होतं, ते जास्त लागलं.

संध्याकाळी कुसुम वर आली. गुडघ्यावर हात ठेवून बसली, माझ्यासमोर एक डबा आणि एक पाकीट ठेवलं. “तुमचा आजचा पगार. पूर्ण आहे, मोजून घ्या.”

मी हळूच बदलापूरचं विचारलं.

“आता कुठली जाते? आज तुम्ही खाली असतात तर दुपारपर्यंत एक डबा निघाला नसता. तुम्हाला एकटीला सोडून जीव राहील का माझा?”

मी पिठलं खाल्लं. मीठ अगदी बरोबर होतं.

पुढे मुग्धा म्हणाली, असे नियम दरवर्षी तपासायचे असतात. म्हणून मी माझं नाव वर घ्यायचा विषय काढला. तिन्ही अत्यावश्यक बायकांनी हात वर करून तो फेटाळला. तेव्हा आता संकटकाळात माझ्याकडे एकच जबाबदारी आहे, खाली न उतरणं. ती मी इतकी चोख पार पाडते की यंदा पगारवाढ मागणार आहे.