होक्काइडोतले उभे वायपर

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सिंगापूरच्या उकाड्यात, पंखा पाचवर ठेवून बसलेल्या बाईने जपानमधल्या बर्फात आठ गाड्या अडकवल्या, हे तुम्हाला खरं वाटेल? ती बाई मीच!

दोन हजार सतराचा डिसेंबर. इथे सिंगापूरच्या पासिर रिस भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये समीर राहतो. पुण्याचा मुलगा, इथल्याच वन-नॉर्थ भागात आयटी कंपनीत. सुट्टीत बायको, मुलगी आणि पुण्याहून आलेल्या आईला घेऊन तो होक्काइडोला गेला. तिथे भाड्याची गाडी स्वतः चालवणार! मग मी रोज त्याच्या आईला, सुमनमावशींना, व्हिडिओ कॉल करायची. चौकशी नव्हे हो, काळजी!

शेवटची संध्याकाळ. बाकीची मंडळी गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला गेलेली. मावशी हॉटेलच्या दारात. शालीवर शाल, त्यावर कोट. मागे पार्किंगमध्ये बघते तर काय, आठच्या आठ गाड्यांचे वायपर उभे!

"मावशी, गाड्या धुऊन गेला वाटतं कुणी!"

"हो की गं! पण वायपर तसेच ठेवले मेल्याने."

आमच्या पुण्याच्या सोसायटीत गाड्या धुणारा असेच वायपर उभे करून जातो ना! आम्हाला दुसरं काय सुचणार?

"तुमचा तरी खाली करा. सकाळी समीरची घाई असेल." परतीचं विमान चुकलं, तर सोमवारचं त्याचं ऑफिसातलं मोठं प्रेझेंटेशन बुडणार होतं.

"आपलाच कशाला? सगळ्यांचे करते. तेवढंच पुण्य!"

अडवायचं सोडून मीच म्हणते कशी, "ती निळी गाडी राहिली बघा!"

सकाळी फोन केला, तर मावशी रडवेल्या. "अगं, सगळे चिकटले गं काचेला!"

तिकडे वायपर मुद्दाम उभे ठेवतात म्हणे, गोठू नयेत म्हणून. मला कोण सांगणार? माझा बर्फाशी संबंध फ्रीझरमधल्या ट्रेपुरता! मावशींच्या मागे समीरने आपला वायपर जोर लावून ओढला, तर नुसतं रबर हातात आलं.

"घाबरू नका मावशी! उकळतं पाणी ओता!"

निघाल्या की किटली घेऊन! नात आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडतेय, "आजी, डोन्ट पोअर ला!" हॉटेलचा म्हातारा मॅनेजर तर धावत येऊन गाडीपुढे हात पसरून उभाच राहिला. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं की काच तडकते, हे ज्ञान मला तेव्हा झालं.

शेवटी इंजिनं चालू करून, आतून गरम हवा सोडून आठ कुटुंबं काचा खरवडत बसली. गेला की पाऊण तास! मॅनेजरने कुठूनसा दुसरा वायपर आणून बसवला, तेव्हा समीर निघाला. रस्ता निसरडा, वरून बर्फाचा मारा. तो गाडी गोगलगायीसारखी चालवतोय आणि मी इथे देवापुढे बसून घाम पुसतेय.

अकराला फोन वाजला. समीरच!

"काकू, पोचलो एअरपोर्टला. बर्फामुळे विमानच चार तास लेट आहे."

"सुटले रे बाबा! मावशींना दे ना जरा."

"नको काकू."

"का रे? रागावलास?"

"रागावलो नाही हो. पण आई खिडकीशी बसलीये आणि समोर विमानं उभी आहेत."