मिस्त्रीची काळी मिशी

म्हसवडच्या रस्त्यावर भेटलेल्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आदल्या दिवशी मी ट्रकमध्ये महागडं सिंथेटिक ऑइल भरून घेतलं होतं. ॲव्हरेज वाढेल, असं दुकानदार म्हणाला होता. सकाळी मोजायची काडी ओढून बघितली, तर ऑइल पाण्यासारखं पातळ! बंद केलं की ऑइल सगळं खाली उतरणार आणि परत सुरू करताना इंजिन जाम होणार, या भीतीने सांगलीपासून ट्रक कुठे बंदच केला नाही. चहासुद्धा ट्रक चालू ठेवूनच प्यायलो. म्हसवडच्या रस्त्यावर मिस्त्रीचं गॅरेज दिसलं, तेव्हा ट्रक चालू ठेवूनच त्याला हाक मारली आणि सगळं सांगितलं.

मिस्त्रीने आधी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. त्याने काडीवरचं ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि बोटं मिशीला पुसली. डोकं पांढरं असून मिशी काळी का, ते तेव्हा कळलं.

"झ्याक हाय रं. साधं ऑइल थंडीत काकवीगत घट्ट. ती ढवळायला इंजिन डिझेल जादा खातं. ह्यात थोडं वाचंल."

"थोडंच?"

"व्हय. आन् तेबी तू उभ्या गाडीत जाळलंस."

ट्रक पहिल्याच किल्लीला सुरू झाला. पुढच्या टपरीवर मी तो बंद केला आणि चहा सांगितला. सकाळपासून पहिल्यांदाच मला पाखरं ऐकू आली.